तिसऱ्या खिडकीतली ओळ

डोळे बिघडले की आधी अक्षरं पुसट होत असतील, असं मला वाटायचं. माझी अक्षरं बरीच वर्षं ठणठणीत होती. आधी गेल्या त्या कडा.

सुरुवात चहाच्या कपाने झाली. ऑफिसात माझ्या उजव्या हाताला कप ठेवलेला असायचा आणि हात न बघता तिथे जायचा. मग एकदा कोपर लागून कप आडवा झाला. थोड्या दिवसांनी पुन्हा. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी म्हणाली, "अरे, समोर ठेव ना तो. रोज काय टेबलाला आंघोळ घालतोस?"

ही सहकारी माझ्याच वयाची. गोराईकडच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातली, घरी अजून थोडी शेती आणि एक होडी. रोज सकाळी खाडी ओलांडणाऱ्या बोटीत स्कूटर चढवून ती यायची आणि बोटवाल्याशी झालेल्या भांडणाची बातमी सांगत मशीन चालू करायची. आमचं ऑफिस चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खालच्या गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची, त्यामुळे आमच्याकडे दिवसभर गरम प्लास्टिकचा वास. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो: पेशंटला वेळ देणं, आठवणीचा मेसेज पाठवणं, असलं.

माझ्या कामाची रीत आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. कोड ज्यात लिहायचा तो एडिटर स्क्रीनच्या मध्यभागी. बाजूला तीन काळ्या खिडक्या. पहिल्या खिडकीत आमचं सॉफ्टवेअर चालवून दाखवणारा सर्व्हर, दुसऱ्या खिडकीत ते नीट चालतंय का हे तपासणाऱ्या चाचण्या, आणि उजवीकडे अगदी कडेला तिसऱ्या खिडकीत वॉचर. हा वॉचर म्हणजे पहारेकरीच. सकाळी एकदा चालू केला की दिवसभर पाठीमागे चालू राहतो. मी फाइल सेव्ह केली की त्याला ते कळतं, तो सगळा कोड नव्याने बांधतो, म्हणजे मशीनला चालवता येईल असा करतो, आणि शेवटी इंग्रजीत एक ओळ लिहितो, की झालं, आता पुढच्या बदलाची वाट बघतोय. ती ओळ दिसली की सर्व्हर सुरू करायचा. सर्व्हर उभा राहिला की चाचण्या. घाई केली तर सर्व्हर कालचाच कोड घेऊन उभा राहतो, आणि चाचण्याही कालच्याच कोडवर पास होतात.

हा क्रम आम्ही कुठेही लिहून ठेवला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. मी समोरचा कोड वाचत असायचो आणि उजव्या कडेला ओळ उमटली की मान न वळवता ते कळायचं.

मग ते कळेनासं झालं, आणि कळत नाहीये हेच मला कळलं नाही. एका दवाखान्यात सकाळच्या एकाच वेळेला दोन-दोन पेशंट येऊन बसले. ती चूक मी आदल्या दिवशी दुरुस्त केली होती, चाचण्याही पास झाल्या होत्या, पण दवाखान्याकडे गेला तो जुनाच कोड. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, शांत माणूस. त्यांनी फक्त विचारलं, "तपासलं होतंस ना?"

"तपासलं होतं सर. ओळ आली होती."

सर गेल्यावर सहकारी खुर्ची सरकवून जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "नव्हती आली रे. मी बघत होते. तू थांबलाच नाहीस. तुला ती खिडकी दिसते ना नीट?"

घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला नाक समोर धरून बसवलं आणि कानामागून हळूहळू एक पेन पुढे आणलं. पेन दिसलं की सांगायचं. मी सांगितलं तेव्हा ते जवळजवळ माझ्या नाकासमोर होतं. बायको बाजूला बसली होती. तिने श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. डॉक्टर म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, कडेकडून आत येतो. आज तरी त्याला औषध नाही. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर मी नोकरीचं काहीतरी बोलायला लागलो, तर बायको म्हणाली, "कामाचं बघू. आधी जेवू." आम्ही समोरच्या हॉटेलात डोसा खाल्ला. तो मला आजही आठवतो, कारण पूर्ण डोसा एका वेळी दिसत नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन बघितलं.

पुढच्या काही वर्षांत माझ्या नजरेची गोल खिडकी लहान होत गेली आणि मग मधली अक्षरंही धुक्यात गेली. शेवटी मी लांब रजा घेतली आणि अंधेरीच्या एका संस्थेत स्क्रीन रीडर शिकलो. म्हणजे स्क्रीनवर जे लिहिलंय ते कॉम्प्युटर बोलून दाखवतो. शिकवणारे गृहस्थ स्वतः जन्मापासून न बघणारे. त्यांच्या मशीनचा वेग एवढा, की मला ते तळणीतल्या पापडासारखं ऐकू यायचं. ते म्हणाले, "होईल तुम्हालाही. फक्त मध्ये-मध्ये थांबवत बसू नका, कान पळू दे."

मी घरी सराव करायचो तेव्हा आई स्वयंपाकघरातून ऐकायची. ती मालवणकडची. इतकी वर्षं मुंबईत राहूनही तिचं बोलणं बदललं नाही. एकदा ती दारात येऊन उभी राहिली.

"झिला, ह्यां बायलमाणूस असां भरभर कित्याक बोलता?"

"ती बाई नाही गं, कॉम्प्युटर आहे. स्क्रीन वाचून दाखवतोय."

आईने थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "तिका सांग, वाईच दम घे." आणि ती भाजी ढवळायला निघून गेली. त्या दिवसांत मला हसवणारं घरात दुसरं काही नव्हतं.

रजा संपवून ऑफिसात परतलो तेव्हा मला वाटलं होतं, कोड ऐकून लिहिणं जड जाईल. ते जमलं. कंस कुठे उघडला, कुठे बंद झाला, ओळ किती आत सरकली आहे, हे कानाला हळूहळू लागलं. कॅपिटल अक्षर आलं की आवाज किंचित चढतो, तेही लागलं. जमेना ते त्या तीन खिडक्यांचं.

डोळ्याला एका वेळी चार गोष्टी दिसतात, त्यातली एक स्पष्ट आणि बाकीच्या नुसत्या असतात. कानात असलेला आवाज मात्र एकच. मी कोडची ओळ ऐकत असताना फाइल सेव्ह केली, की वॉचर जागा होऊन बडबडायला लागायचा आणि माझी ओळ अर्धीच राहायची. तो काय बोलला ते ऐकून परत कोडमध्ये यावं, तर मी कुठे होतो तेच विसरायचो. वैतागून मी त्याला गप्प केला. गप्प केल्यावर बांधून झालं की नाही ते कळेना.

मग मी शेजारी विचारायला लागलो.

"आली का गं ओळ?"

"आली."

थोड्या वेळाने पुन्हा, "आली का?"

"थांब... हां, आली."

पहिले काही दिवस तिने काही वाटून घेतलं नाही. मग उत्तराला उशीर व्हायला लागला. ती हेडफोन लावायची, मी टेबलावर टकटक करायचो, ती हेडफोन काढायची, स्क्रीनकडे वाकून बघायची, सांगायची, परत हेडफोन लावायची. तिचं स्वतःचं काम तटायचं. मला ते कळत होतं, आणि तरी दर सेव्हनंतर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

एका दुपारी मी टकटक केली तेव्हा तिने हेडफोन काढून टेबलावर जरा जोरात ठेवले.

"मी तुझी घंटा नाहीये रे."

खालच्या गाळ्यातलं मशीन ठक-ठक चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मला राग आला नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त दमल्यासारखं वाटलं. ही नोकरी आता आपल्याला जमणार नाही, हे वाक्य मी मनात पहिल्यांदा पूर्ण म्हटलं ते त्या दुपारी.

तिच्या खुर्चीची चाकं कुरकुरली. ती माझ्या टेबलाशी येऊन बसली होती.

"सॉरी," ती म्हणाली. "पण ऐक ना. तू मला जे विचारतोस ते एडिटरलाच सांगता येईल की. त्याच्यात ते टास्क असतात ना? आपण कधी बघितलेच नाहीत."

"आपल्याला लागले कुठे?"

"आता लागलेत. उघड फाइल."

टास्कची फाइल म्हणजे साधी यादी असते. या कामाचं नाव हे, ते चालवायचा हुकूम हा, आणि ते दुसऱ्या कुठल्या कामावर अवलंबून आहे ते असं. मी टाइप करत होतो, ती बाजूला बसून वाचत होती. वॉचर, सर्व्हर आणि चाचण्या अशी तीन कामं लिहिली, आणि सगळ्यांना गोळा करणारं चौथं. चालवलं.

लगेच आवाजाने एरर वाचायला सुरुवात केली. सर्व्हरला फाइल सापडत नव्हती. तिने वर-खाली करून बघितलं. "वाट लागली. तिघांनी एकदमच धाव घेतली. वॉचरने सुरू होताना जुनं पुसलं, आणि नवं बांधून व्हायच्या आधीच सर्व्हर पोचला."

म्हणजे एकामागून एक, असं सांगायला हवं होतं. तशी सोय होती. क्रमाने, असं लिहिलं आणि पुन्हा चालवलं. या वेळी एरर नाही. काहीच नाही. आम्ही वाट बघितली. चहावाला येऊन गेला, चहा पिऊन झाला, तरी सर्व्हर उठायचं नाव घेईना.

ती एकदम हसायला लागली. "अरे यार, तो वॉचर संपायची वाट बघतोय!"

"मग?"

"वॉचर संपतो कधी?"

"संध्याकाळी. मी घरी जाताना."

मग मीही हसलो. आमच्या दोघांच्या डोक्यात वॉचरचं 'झालं' म्हणजे ती ओळ, हे इतकं पक्कं होतं की एडिटरला ते वेगळं सांगावं लागेल हे सुचलंच नव्हतं. एडिटरच्या लेखी काम झालं म्हणजे काम बंद पडलं. जे काम बंद पडतच नाही, त्याच्यामागे रांगेत उभं राहिलेलं काम कायमचं उभं.

एडिटरच्या माहितीच्या पानांवर उपाय होता. ती मला वाचून दाखवायला लागली, मी म्हटलं, थांब, मी ऐकतो माझ्याच वेगाने. हे काम पाठीमागे चालतं असं एका शब्दात सांगायचं. त्याशिवाय दोन खुणा द्यायच्या: अमुक ओळ आली की बांधायला सुरुवात झाली समज, आणि तमुक ओळ आली की तयार झालं समज आणि पुढच्याला सोड. काम चालूच राहील, पण पुढचं अडणार नाही.

"झकास," ती म्हणाली. "मग ओळ काय आहे ती टाक."

ओळ मला तोंडपाठ होती. कंपायलेशन कंप्लीट, वॉचिंग फॉर फाइल चेंजेस. किती वर्षं बघत आलो होतो. टाइप केली, चालवलं. परत सगळं गप्प.

तेवढ्यात तिला सरांनी बोलावलं आणि ती उठून गेली. मी फाइल पुन्हा ऐकली. कंस बरोबर, अवतरणचिन्हं बरोबर, स्पेलिंग एक-एक अक्षर ऐकून तपासलं, तेही बरोबर. मग पहिल्यांदाच मी त्या तिसऱ्या खिडकीत शिरलो आणि वॉचरची एक-एक ओळ शांतपणे ऐकत खाली आलो.

शेवटची ओळ होती, फाउंड झिरो एरर्स, वॉचिंग फॉर फाइल चेंजेस.

मी ती पुन्हा ऐकली. कंपायलेशन कंप्लीट कुठेच नव्हतं. कुठल्यातरी जुन्या आवृत्तीत ते असणार, मी शिकलो तेव्हाच्या. नंतर कधीतरी ते शब्द बदलले आणि मला पत्ता लागला नाही. माझे डोळे चांगले होते तेव्हाही मी ती ओळ वाचत नव्हतो. खिडकीतली हालचाल थांबली आणि तळाला एवढी लांब पांढरी रेघ दिसली की मला पुरत होतं.

मी बराच वेळ कीबोर्डवरून हात काढून बसलो. मला कसं वाटलं ते नीट सांगता येत नाही. गेलेल्या नजरेला मी मनात फार उंच जागा दिली होती. सगळं बिनचूक दिसत होतं आणि आता काहीच नाही, असा माझा हिशेब होता. तो थोडा हलला. दुःख कमी झालं असं नाही, पण त्या दुपारी छातीवरचं काहीतरी जरा सैल झालं.

ती परत आल्यावर मी विचारलं, "वॉचरची शेवटची ओळ काय असते, न बघता सांग."

"कंपायलेशन... कायतरी कंप्लीट."

"नाही. ऐक." मी हेडफोन काढून मोठ्याने वाजवलं.

"आयला," ती म्हणाली. "मी तरी कुठे वाचते रे."

मग आमचं भांडण झालं ते त्या शून्यावरून. मला पूर्ण ओळ हवी होती, झिरो एरर्ससकट. चुका असताना सर्व्हर उठवायचाच कशाला? ती म्हणाली, फक्त शेवटचा तुकडा घे, वॉचिंग फॉर फाइल चेंजेस.

"झिरो घातलंस आणि कोडमध्ये एक चूक राहिली, तर काय होईल?"

"अडून बसेल. बसू दे ना."

"आणि तुला काय ऐकू येईल?"

"काहीच नाही."

"आणि बांधकाम अजून चालू असेल तेव्हा काय ऐकू येतं?"

तेव्हाही काहीच नाही. दोन्ही शांतता कानाला सारख्याच. मी तिचं ऐकलं. शेवटचा तुकडाच ठेवला, आणि सर्व्हरही बंद पडत नसतो म्हणून त्यालाही त्याच्या ओळीची खूण दिली. चुकांसाठी एडिटरमध्ये आवाजांची सोय होती: काम नीट झालं की एक बारीक सूर, बिघडलं की दुसरा, जरा खालचा. दोन्ही चालू केले. वॉचरची खिडकी कायमची मिटून टाकली, म्हणजे तो मध्येच बोलायला येणार नाही. मग चालवलं. काही क्षण शांतता, मग बारीक सूर, मग आवाजाने सांगितलं की सर्व्हर उभा आहे, आणि मागोमाग चाचण्या सुरू झाल्या. मी मुद्दाम एका ठिकाणी कंस काढून सेव्ह केलं. खालचा सूर. कंस परत टाकला. वरचा सूर.

तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि ती आपल्या टेबलाकडे गेली. नंतर संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मुकाट्याने आपापलं काम केलं.

त्यानंतरचे महिने साधे गेले, आणि साधं जाणं मला हवं होतं. ऑफिसातल्या बाकीच्यांनी ती फाइल बघितली, छान आहे म्हणाले आणि आपल्या तीन-तीन खिडक्या उघडायला गेले. त्यांचं बरोबर होतं, त्यांना दिसत होतं.

फक्त एकदा गंमत झाली. मुलुंडच्या एका डॉक्टरांना सर व्हिडिओ कॉलवर आमचं नवं काम दाखवणार होते. कॉलच्या थोडं आधी इस्टेटची वीज गेली. आली तेव्हा सगळ्यांची मशीनं पहिल्यापासून सुरू करायची होती आणि ज्याच्या त्याच्या खिडक्या उघडायची घाई उडाली. घाईत कुणाचा तरी सर्व्हर आधी उठला, मग तो बंद करा, परत लावा. सर टेबलाटेबलांमधून फिरत होते. "कुणाचं चालू झालंय का? ते लाइनवर आलेत."

मी दोन बटणं दाबून बसलो होतो. सूर आले होते. "माझं चालू आहे सर."

सर लगबगीने माझ्या मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "कुठे चालू आहे? दिसत तर काही नाही."

स्क्रीन बंद होती. कित्येक आठवडे मी ती लावलीच नव्हती, मला तिचं काम काय? मी चाचपत खालची कड शोधली, मग मागची.

"सर, हिचं बटण कुठे असतं ते आठवत नाहीये."

सहकारी वाकली आणि तिने बटण दाबलं. सगळे हसले, सरही. मग त्यांनी माझ्याच खुर्चीत बसून डॉक्टरांना सगळं दाखवलं आणि मी बाजूला उभा राहून पुढे काय दाबायचं ते सांगत राहिलो. डॉक्टरांना काम पसंत पडलं.

अजून पुष्कळ गोष्टी अडतात. कुणी फळ्यावर चित्र काढून समजावायला लागलं की मी मुकाट बसतो आणि नंतर विचारतो. चॅटवर लोक नुसती चित्रं पाठवतात. नव्या प्रोजेक्टचं काम आलं की सर टास्कची फाइल आधी मला करायला सांगतात. मी आता प्रत्येक ओळ ऐकून मगच खूण लिहितो. पाठ असली तरी.

त्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी संध्याकाळी सहकारीने मला स्कूटरवरून घरी सोडलं. मी मागे बसलो, ती पुढून ओरडत होती, "खड्डा! धर नीट!" चारकोपच्या मार्केटपाशी तिने स्कूटर थांबवली आणि एका मावशीकडचे बोंबील उलटेपालटे करून बघितले.

"आमच्याकडे हे मांजरापुढे टाकतात," ती म्हणाली.

"मग नको घेऊस बाय," मावशी म्हणाल्या. "तुझ्या मांजराला दुसरं दे."

दोघी थोडा वेळ भांडल्या आणि शेवटी तिने दोन वाटे घेतले, एक स्वतःसाठी आणि एक माझ्या हातात दिला. घरी आईने पिशवी उघडून वास घेतला.

"ताजे आसत हां," ती म्हणाली आणि विळी घेऊन बसली. मी तिच्याजवळ जमिनीवरच बसलो. तिने एक बोंबील साफ केला, मग दुसरा, आणि हात थांबवून विचारलं, "आज ऑफिसात काय झाला?"

मी तिला स्क्रीनच्या बटणाचं सांगायला लागलो.